उलटा एन

सोन्याची लगड नानांनी तांदळाच्या डब्यात खुपसून आणली. विट्यातल्या बँकेच्या लॉकरपासून आमचं घर दोन किलोमीटरही नाही, पण तेवढ्यासाठी स्टीलचा डबा, त्यात कोलम आणि वर कोथिंबिरीची जुडी असा बंदोबस्त केला होता. सोप्यात बसल्यावर त्यांनी मनगटापर्यंत हात तांदळात घातला, खणाच्या जुन्या तुकड्यात बांधलेली ती वस्तू बाहेर काढली आणि अण्णांच्या, त्यांच्या थोरल्या भावाच्या नि माझ्या वडिलांच्या, पुढ्यात ठेवली.

"घे. करा एकदाची काय ती परीक्षा. मी आता हिच्यापायी कुडत बसायचो न्हाय."

खणाची गाठ सुटेना. अण्णांनी ती दातानं सोडवली. आत काडेपेटीहून लहान, कडांना गोलसर, पिवळी वडी. ही मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहत होते. पहिल्यांदा आजीच्या ट्रंकेत, न विचारता हात घातला तेव्हा, आणि त्याबद्दल पाठीत धपाटा खाल्ला होता. एवढीशी वस्तू, पण हातावर घेतली की तळवा नकळत खाली जातो. डोळ्याने केलेला अंदाज हाताला चुकीचा ठरवणारी ही एकच वस्तू आमच्या घरात होती. तिच्यावर इंग्रजीत तीन ओळी: लंडनच्या एका नामांकित कंपनीचं नाव आणि गाव, खाली 'दहा तोळे', त्याखाली ९९९.०.

म्हणजे हजारात नऊशे नव्व्याण्णव भाग सोनं. शंभर नंबरी.

नानांचं कुढणं साधं होतं. १९९१ साली घरच्या वाटण्या झाल्या तेव्हा ही लगड नानांच्या वाट्याला लावली आणि तेवढ्या किमतीचं रान अण्णांकडे जास्त आलं. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव साडेतीन हजारांच्या आसपास होता. कागदावर 'लगड एक, दहा तोळे, शुद्ध' असं लिहून दोघांनी सह्या केल्या. लगड शुद्ध आहे हे कशावरून, असं कुणीही विचारलं नाही. शिक्का होता ना! आणि खाली ताईत घातल्यासारखा आप्पांचा शब्द होता. आप्पा म्हणजे माझे आजोबा. ते जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

हे सगळं ज्या घरात घडलं त्या घराचा धंदा काय होता, तर सोनं तपासायचा. यातली गंमत मला फार उशिरा कळली.

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ, पलीकडे साताऱ्याचे माण आणि खटाव, या पट्ट्यातली माणसं पाऊस दगा देतो म्हणून बाहेर पडली आणि देशभर गलाईवाली झाली. गलाई म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. मोडीचे दागिने, सोनारांच्या कामातली कीस, दुकानातला केरसुद्धा, असं सगळं घ्यायचं, मुशीत आटवायचं, तेजाबात, म्हणजे तीव्र आम्लात, घालायचं आणि निर्मळ सोनं वेगळं काढून द्यायचं. केरळ, तमिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेश, जिथे सराफकट्टा आहे तिथे मागच्या बोळात एखादं गलाईचं दुकान असतं आणि त्यात बसलेला माणूस खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीचा निघतो. आप्पांचं दुकान त्रिशूरला होतं. पाचवीपर्यंत मी तिथेच वाढले. रस्त्यावर मल्याळम, घरात माणदेशी, आणि नाकात कायम तेजाबाचा वास.

पोरींना भट्टीकडे मज्जाव होता, तरी मी दारातून सगळं पाहिलेलं आहे. सोनं शुद्ध करायचं तर आधी ते अशुद्ध करावं लागतं, हे मला अजूनही नवल वाटतं. एक भाग सोन्याला साधारण तीन भाग चांदी मिसळून ते आटवतात, कारण चांदी तेवढी असल्याशिवाय तेजाब आत शिरत नाही. मग त्याचा पत्रा किंवा दाणे करून तेजाबात टाकायचे. लालसर तांबडा धूर उठतो (अण्णांचा आजचा खोकला त्या धुराचा), चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि भांड्याच्या तळाशी उरते तपकिरीसारखी भुकटी. ते सोनं. चमक नाही, काही नाही. एखाद्या म्हातारीनं डबी सांडावी तसं दिसतं. ती भुकटी धुऊन, टाकणखार घालून पुन्हा आटवली की पिवळं तेज येतं. उरलेल्या निळसर पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. तिच्यावर रात्रभरात चांदी शेवाळासारखी उगवते. मी सकाळी उठून आधी ते शेवाळ बघायला पळत असे.

सांगायचा मुद्दा असा, की आमच्या धंद्यात शिक्का कुणी वाचत नाही. गिऱ्हाईक पावती दाखवतं, पेढीचं नाव सांगतं, आईच्या लग्नातलं आहे म्हणून शपथ घेतं. गलाईवाला ऐकून घेतो, मान हलवतो आणि टंच काढतो. टंच म्हणजे शेकड्यात किती. सगळा व्यवहार त्या एका आकड्यावर.

मग ही एक लगड पन्नास वर्षं तपासायची कशी राहिली?

त्याचं एक कारण सरकारी आहे. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आलं. चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायचा नाही, लगडी असतील त्या सरकारला जाहीर करायच्या. चौदा कॅरटचं सोनं कुणाला नको होतं. देशभर सोनारांच्या चुली विझल्या, काहींनी जीव दिले. चौदा कॅरटची अट पुढे १९६६ मध्ये गेली, पण १९६८ च्या कायद्यानं लगडी बाळगायलाच बंदी केली. दागिने घाला, हवे तर कपाटात ठेवा, पण साध्या माणसानं बिस्कीट बाळगणं हा गुन्हा. सोनं गाळणाऱ्यालाही परवाना आणि वह्या. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

कायद्याला सोनं नको होतं तरी लोकांना हवंच होतं. ते यायचं दुबईमार्गे. लंडनहून आणि स्वित्झर्लंडहून दुबईत सोनं नेणं पूर्ण कायदेशीर. गुन्हा सुरू व्हायचा तो गलबत आपल्या किनाऱ्याच्या हद्दीत शिरलं की. या बाजारासाठीच दहा तोळ्यांची वडी पाडली जाई. जॉन्सन मॅथी, क्रेडिट स्विस अशा नावांच्या या वड्या मुंबईत सगळ्यांना तोंडपाठ होत्या आणि त्यांना म्हणायचे बिस्कीट. कापडी जाकिटाला शिवलेल्या कप्प्यांत ती बसायची. कडा गोलसर, कापडाला न टोचणाऱ्या. तोळा म्हणजे एकशेऐंशी ग्रेन, ११.६६४ ग्रॅम, दहा तोळ्यांचे ११६.६४ ग्रॅम. भारतीय उपखंड आणि आखात सोडलं तर जगात इतरत्र या मापात सोनं फारसं कुणी मागत नसे. लंडनच्या कारखान्यात कुणीतरी साहेब झवेरी बाजाराच्या तोळ्यानं साचे मोजत होता, हे चित्र मला फार आवडतं.

हे माप लक्षात ठेवायला हवं, कारण आज आपण तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमचा. लग्नाच्या बोलणीत 'पाच तोळे घालू' म्हणणारा बाप पन्नास ग्रॅमबद्दल बोलत असतो. जुन्या तोळ्याचे जवळजवळ पावणेदोन ग्रॅम कुठल्याशा दशकात हवेत विरले आणि कुणी तक्रार केली नाही. दहा तोळ्यांची म्हणून कुणी तुमच्यासमोर बरोबर शंभर ग्रॅमची जुनी लगड ठेवली, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

तर कायद्याच्या भीतीनं आमची लगड आजीच्या ट्रंकेत गेली. दुसऱ्याला दाखवायची सोय नव्हती. घरच्यांनी तपासायची तर आप्पांच्या शब्दावर कानस चालवल्यासारखं झालं असतं. कायदा गेला, आप्पा गेले, आजी गेली, तरी ती तशीच राहिली. नानांना खरं तर भीती होती. नकली निघाली तर रानही गेलं आणि सोनंही. न तपासता निदान लॉकरमध्ये दहा तोळे होते.

पण आता नानांच्या नातीचं लग्न ठरलं.

आधी भिंग घेऊन मी शिक्के पाहिले. चुंबक वगैरे भानगडीत पडले नाही. पितळ चुंबकाला चिकटत नाही, शिसंही नाही. चुंबकानं खोटेपणा सिद्ध होतो तो फक्त अगदी बावळट चोराचा. दातानं चावून बघणं सिनेमात ठीक. शिक्क्याकडे मात्र नीट बघावं. लगड आधी ओततात आणि ती गार झाल्यावर ठशानं अक्षरं मारतात. ठसा आत शिरताना धातू बाजूला ढकलला जातो, त्यामुळे अक्षराच्या कडेला अगदी बारीक उंचवटा येतो, नखाला लागेल न लागेल असा, आणि अक्षराचा तळ गुळगुळीत असतो. खऱ्या लगडीवरून साचा घेऊन अक्षरांसकट ओतलेली नकल असेल, तर कडा विरघळलेल्या साबणासारख्या दिसतात आणि अक्षराच्या तळाशी बारीक खळगे असतात.

आमच्या लगडीवरची अक्षरं मारलेली होती. उंचवटा होता, तळ साफ होता. मी जरा सुखावले. मग 'लंडन' वाचलं. इंग्रजीत त्या शब्दात दोनदा एन येतो. पहिला सरळ होता. दुसऱ्याची तिरकी दांडी खालून वर गेलेली.

मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. उलटाच.

ठसा कोरणाऱ्याला सगळं आरशातलं कोरावं लागतं, तेव्हा ते धातूवर सुलटं उठतं. ए, ओ, टी ही अक्षरं आरशातही तशीच, तिथे चूक होत नाही. चूक होते ती एन आणि एस या दोन अक्षरांत, कारण ती आरशात बदलतात पण बदलल्यासारखी वाटत नाहीत. लिपी येणारा माणूसही फसतो. आकार बघून कोरणारा तर फसणारच. लंडनच्या कारखान्यातून असा ठसा निघून वर्षानुवर्षं वापरला जाईल हे शक्य नव्हतं. शिक्का खोटा होता.

नानांना लगेच सांगितलं नाही. शिक्का खोटा म्हणजे सोनं खोटं, असं होत नाही. २०१७ च्या सुमारास एका बड्या परदेशी बँकेच्या तिजोरीत एकाच क्रमांकाच्या, एकेक किलोच्या दोन लगडी सापडल्या, आणि त्यातून उलगडत गेलेल्या प्रकरणात नामवंत स्विस कारखान्यांच्या शिक्क्यांच्या निदान हजारभर नकली लगडी निघाल्या. त्यातलं सोनं उत्तम होतं, जवळजवळ शंभर टक्के. खोटं होतं ते फक्त नाव. ज्या सोन्याचा उगम सांगता येत नाही ते बाजारात घालायला कुणीतरी चांगल्या घराण्याचं आडनाव लावलं होतं. याच्या बरोबर उलट, २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या सराफी रस्त्यावर एका दुकानदारानं दहा औंसांच्या लगडीला भोक पाडलं तर आत करडा टंगस्टन. शिक्का खरा, क्रमांक खरा. आतून पोखरून भरलेली. आपल्याकडचा 'खोदकामात सोन्याची वीट सापडली' हा प्रकार त्यामानानं गावठी. विटेचा म्हणून जो कपचा तपासायला देतात तो खरा, वीट पितळेची. तरी दर काही महिन्यांनी कुणीतरी शहाणा माणूस त्यात लाखो रुपये घालवल्याची बातमी येतेच.

मग वजन. नानांच्या मुलाकडे शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा होता. ११६.५२. चांगलं होतं, बारा शतांश ग्रॅमची झीज पन्नास वर्षांत खणाला घासून होऊ शकते. नानांनी श्वास सोडला.

पुढचं काम पाण्याचं. काचेचा पेला अर्धा भरून काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला. लगडीला शिवणाचा दोरा बांधला, ती पाण्यात पूर्ण बुडवली आणि हातानं तशीच लोंबती धरली. तळाला टेकू द्यायची नाही, कडेला लागू द्यायची नाही, अंगावर बुडबुडे राहू द्यायचे नाहीत. काट्यावर येणारा आकडा म्हणजे लगडीनं ढकललेल्या पाण्याचं वजन. शुद्ध सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, तेव्हा आमच्या वजनाच्या लगडीला ६.०४ यायला हवं. शिसं असतं तर सव्वादहाच्या पुढे, चांदीला अकराच्या वर, पितळेला साडेतेराच्या पलीकडे.

माझा हात थरथरत होता, आकडा नाचत होता. नानांच्या सुनेनं गॅसवरचं दूध उतरवलं आणि येऊन उभी राहिली. आकडा स्थिरावला: ६.५४.

पुन्हा केलं. ६.५५. पुन्हा. ६.५४.

अर्धा ग्रॅम जास्त. पितळ नाही, शिसं नाही, पण शुद्ध सोनंही नाही. भागाकार केला तर १७.८. (टंगस्टन १९.२५ पट जड. तो या परीक्षेत दोन शतांश ग्रॅमच्या फरकानं पास झाला असता, म्हणजे एखाद्या बुडबुड्याइतक्या. पाण्याला सगळं कळतं असं नाही.)

"म्हंजी?" नाना.

अण्णा इतका वेळ गप्प होते. त्यांनी माझ्या आईला हाक मारून देव्हाऱ्याखालची पेटी मागवली. पेटीत कसोटी होती. काळा दगड, हाताच्या पंजाएवढा, आप्पांच्या वेळचा. आणि सळयांचा जुडगा; प्रत्येक सळईच्या टोकाला ठरलेल्या टंचाचं सोनं. दुकान बंद करून अण्णांना सोळा वर्षं झाली, दोन्ही डोळ्यांची मोतिबिंदूची ऑपरेशन्स झाली, तरी हा जुडगा त्यांनी कुणाला दिला नाही.

आधी त्यांनी लगडीच्या कोपऱ्यावर कानस घातली. वरचं कातडं काढून आतलं घासायचं, नाहीतर आपण मुलाम्याचा कस लावून बसतो. दगडाला खोबरेलाचं बोट फिरवलं, फडक्यानं पुसलं. मग लगडीची रेघ ओढली, बोटभर, सावकाश, एकाच दाबानं. तिच्या शेजारी ब्याण्णवची रेघ. मग एक्क्याण्णवची, मग नव्वदची. चार पिवळ्या रेघा. मला चारी सारख्या दिसल्या. ते दगड घेऊन दारात गेले, उजेडाकडे पाठ केली, तिरका धरला. काचेच्या काडीनं तेजाब चारी रेघांवरून आडवं ओढलं आणि थांबले. पितळेची रेघ असती तर धुरासारखी विरली असती. या विरल्या नाहीत, फक्त कुठे कुठे किंचित दबल्या.

कौटिल्यानं सोन्याच्या परीक्षेवर लिहिताना नखात गेरूची पूड दडवून कसोटीवर टाकणाऱ्या लबाडाबद्दल सावध केलेलं आहे. मला ते वाक्य आठवलं आणि मी नकळत अण्णांच्या नखांकडे पाहिलं. तेजाबानं पिवळी पडलेली ती नखं कधीच गोरी झाली नाहीत.

"ब्याण्णवच्या आत हाय," अण्णा म्हणाले. "एक्क्याण्णव. वर थोडं आसंल."

नानांच्या मुलाचा कसोटीवर विश्वास नव्हता. त्यानं लगड आणि आम्हाला गाडीत घालून बाजारात मशीनवर नेलं. क्ष-किरणांचं ते मशीन फ्रिजच्या भाजीच्या कप्प्याएवढं असतं. आत वस्तू ठेवली की अर्ध्या मिनिटात कोणता धातू किती ते पडद्यावर येतं. अण्णा गाडीतूनच ओरडले होते, "कानस मारल्यात तितंच धरा म्हनावं. मशीन वरनंच बघतंय." ते खरं आहे. त्या किरणांना मिलिमीटरच्या काही शतांशाइतकंच खोल दिसतं. जाड मुलामा असला की मशीन खुशाल ९९९ सांगतं. मशीनवरच्या मुलानं तीन ठिकाणी धरून पाहिलं. सोनं ९१.४, चांदी ५.२, तांबं ३.३, जस्त ०.१.

"डागिन्यांचं आटीव आहे ताई," तो म्हणाला. "जस्त दिसतंय ना, सांध्याच्या डाकातलं. बरंचसं आटवताना उडून जातं, तरी वास राहतो. बिस्किटात हे कशाला येतंय?"

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही.

आमच्या घरात एक गोष्ट पिढीजात सांगितली जाते. बाहत्तरच्या दुष्काळात आप्पांनी आजीचे गोठ, पाटल्या, पुतळ्यांची माळ सगळं विकलं आणि गावाकडच्या अकरा माणसांना जगवलं. आजी पुढे मरेपर्यंत काचेच्या बांगड्यांवर राहिली, आणि आम्हा नातवंडांना तिच्या त्या रिकाम्या मनगटांचा अभिमान वाटायचा. ते दागिने विकले गेले नव्हते, निदान सगळे नव्हते, असं आता ते ५.२ आणि ३.३ सांगत होते. माझी खात्री नाही. कुणाच्याही दागिन्यांचं आटीव असू शकतं. गलाईच्या दुकानात दागिन्यांना काय तोटा.

मला टोचत होतं ते वेगळंच. ज्या माणसाचा जन्म सोनं निर्मळ करण्यात गेला, ज्याच्या दारात तेजाबाचे कार्बे, मोठाले बुधले, उभे होते, त्यानं एक्क्याण्णवचं सोनं तसंच ओतलं आणि वर ९९९ मारलं. त्याला ते शुद्ध करायला एक रात्र लागली असती. न केल्याचा अर्थ एकच होतो. शिक्क्याचं बिस्कीट बाजारात कुणी तपासत नव्हतं. चोरीच्या मालाला टंच काढायला कोण नेतो? मोडीचे दागिने म्हणून विकलं असतं तर घट कापून पैसे आले असते. लंडनचं नाव लावलं की दहा तोळ्यांत जवळजवळ एका तोळ्याचा फायदा. आप्पांना सगळा पट्टा बावनकशी माणूस म्हणायचा. लोक उगाच म्हणत नव्हते. त्यांच्या शब्दावर त्रिशूरचे सोनार किलोनं माल सोडून जात. आणि त्याच माणसानं कधीतरी भट्टीसमोर बसून हा हिशेब केला होता. दुष्काळाच्या वर्षात, अकरा तोंडं गावाकडे, म्हणून मी त्यांना माफ करायला बसले होते, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्यांनी ती विकलीच नव्हती.

का नाही, कुणास ठाऊक. धीर झाला नसेल. गिऱ्हाईकानं परत केली असेल. नाहीतर एवढी करून ठेवल्यावर आजीनं ती ट्रंकेत टाकून वर बसकण मारली असेल, हेही आजीकडे बघता अशक्य नाही.

संध्याकाळी मी अण्णांना भिंग दिलं आणि तो दुसरा एन दाखवला. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं नाही.

"आप्पांना इंग्रजी येत न्हवतं," ते म्हणाले. चहाची बशी खाली ठेवली, खोकल्याची उबळ आली ती जाऊ दिली. "मला येत व्हतं."

अण्णा १९६६ ला विट्यात मॅट्रिक होऊन दुकानावर गेले होते. बाहत्तरला त्यांचं वय चोवीस. मी त्यांच्याकडे बघत राहिले, ते अंगणातल्या तुळशीकडे. ठसा त्यांनी कोरला होता आणि चुकला होता, की कुणी दुसऱ्यानं कोरलेला त्यांनी पाहिला होता आणि चूक सांगितली नव्हती, की चूक ती चूक नव्हतीच? विचारायला शब्द जुळत होते, पण नाना बाजूला बसून आकडेमोड करत होते आणि ती वेळ नव्हती. पुढेही मी विचारलेलं नाही.

नानांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर गुणाकार केला होता. ११६.५२ गुणिले ९१.४. शुद्ध सोनं १०६.५ ग्रॅम. वाटणीच्या कागदावरच्या शुद्ध लगडीपेक्षा दहा ग्रॅम कमी. त्यांनी पेन्सिल कानावर लावली. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला होता. तीस वर्षं ज्या माणसाला आपल्याकडे पितळ आहे असं मनातून वाटत होतं, त्याच्याकडे नऊ तोळ्यांच्या वर निघालं होतं. पण हिशेब तो हिशेब.

"दादा," नाना म्हणाले, "तुज्याकडं माझा एक तोळा हाय."

अण्णांनी खणाची गाठ मारली, लगड तांदळात खुपसली आणि डब्याचं झाकण लावलं.

"कुठला?" ते म्हणाले. "दहाचा का पावणेबाराचा?"